सत्तर टक्क्यांचा पर्यावरणतज्ज्ञ

पर्यावरण या विषयाशी माझी पहिली ओळख झाली ती बाजारातून आणलेल्या तयार जर्नलमुळे. कॉलेजात हा विषय सक्तीचा होता. एम. सी. मेहता यांनी जनहित याचिका केली, १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण सगळ्यांना शिकवा असा आदेश दिला, पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, आणि या सगळ्या थोर खटाटोपातून भलं झालं ते आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं. त्याच्याकडं ‘पंचगंगा नदीचे प्रदूषण : एक अभ्यास’ हा प्रकल्प तयार मिळायचा. आपण फक्त नाव, रोल नंबर आणि ऋणनिर्देश बदलायचा. मी ऋणनिर्देशही बदलला नाही. त्यामुळं माझ्या प्रकल्पात मी कुणा भलत्याच मुलाच्या मामांचे ‘वेळोवेळी मोटारसायकल उपलब्ध करून दिल्याबद्दल’ मनःपूर्वक आभार मानलेले आहेत.

पंचगंगा आमच्या कोल्हापुरातल्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. त्या प्रकल्पासाठी तिच्याकडं फिरकण्याची वेळ आली नाही. आत एक तक्ता होता, त्यात राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाण्यात ऑक्सिजन किती विरघळलाय ते दोन दशांश स्थळांपर्यंत दिलं होतं. तो कुणी मोजला, कधी मोजला, कशानं मोजला, हे मलाही ठाऊक नव्हतं आणि बहुधा त्या मामांनाही. मला ५० पैकी ४६ मार्क पडले. वर्गात सगळ्यांत जास्त. हा आपला विषय आहे अशी माझी तेव्हाच खात्री पटली.

परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा म्हणजे स्वतःबद्दल पानभर लिहावं लागतं. ‘लहानपणापासून मला निसर्गाची विलक्षण ओढ आहे,’ अशी मी सुरुवात केली. खरं तर लहानपणापासून मला ओढ होती ती क्रिकेटची आणि मिसळीची. रंकाळ्यावर आम्ही जायचो, नाही असं नाही. पण तळ्याकडं पाठ करून बसायचो, कारण भेळेच्या गाड्या दुसऱ्या बाजूला होत्या. तरी नेदरलँड्समधल्या वाखनिंगन या गावी पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. ऱ्हाईनच्या काठचं लहानसं गाव, पण शेती आणि पर्यावरणाच्या शिक्षणात जगभर नाव काढलेलं. मे १९४५ मध्ये नेदरलँड्समधल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी याच गावातल्या ‘द वेरेल्ड’ हॉटेलात झाली. आमच्या घरची शरणागती मात्र मी निघण्याआधीच झाली होती. ती बँकेत झाली. घराचे कागद तारण ठेवताना बाबांनी मॅनेजरना इतकंच विचारलं, ‘पर्यावरणाला पुढं नोकरी असते का?’ मॅनेजर म्हणाले, ‘व्याज असतं.’

बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी पाण्याबद्दल जगात एकच प्रश्न असतो : आवर्तन कधी सुटणार? आजीचा प्रश्न वेगळा होता. ‘तिकडं जाऊन झाडं लावणार व्हय? मग इथं काय जागा न्हाई?’

आम्स्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या साधारण ३ मीटर खाली आहे, हे मी विमानात शेजारच्या बाईंना तीनतीनदा ऐकवलं. त्या डच होत्या. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली. डच माणसाचा सोशिकपणा मला पुढं फारसा दिसला नाही, त्यामुळं त्या बाई आजही आठवतात.

पहिल्याच सत्रात प्रत्येकानं एका देशाच्या हवामानधोक्यावर दहा मिनिटं बोलायचं होतं. वर्गात निम्मे डच. मी यजमानांचा मान ठेवावा म्हणून नेदरलँड्स निवडला. एखाद्याच्या घरी जाऊन त्यालाच त्याच्या घराची माहिती देण्यात जो धोका असतो तो माझ्या ध्यानात आला नाही. ‘तुमच्या देशाचा ५५ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे,’ मी गंभीर आवाजात सांगितलं आणि परिणाम व्हावा म्हणून थांबलो. परिणाम झाला. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, ‘२६.’ मी म्हणालो, माझा आकडा आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या, २००७ च्या अहवालातला आहे. ती म्हणाली, ‘हो, तोच. चुकीचा.’

खरंच तसं होतं. समुद्रसपाटीखालचा भाग २६ टक्के, आणि नद्यांच्या पुराचा धोका असलेला आणखी २९ टक्के. दोन्हींची बेरीज करून सगळाच देश समुद्राखाली ढकलला गेला होता. नेदरलँड्सच्याच पर्यावरण संस्थेनं ती माहिती पुरवली होती, आणि २०१० साली संस्थेनं चूक जाहीर मान्य केली होती. जगातल्या शेकडो शास्त्रज्ञांच्या हातून निसटलेली चूक मी कैक वर्षं उशिरा, पूर्ण आत्मविश्वासानं पुन्हा केली. दिलासा एवढाच की माझ्या जर्नलातल्या ऑक्सिजनपेक्षा त्या आकड्याला निदान आई-बाप होते.

मग पहिला लेखी अहवाल. तोवर मला वाटत होतं, बोलण्यात नसेल, पण लिहिण्यात आपला हात कुणी धरणार नाही. मी मानव आणि निसर्ग यांच्या अनादिकाळापासूनच्या नात्यापासून सुरुवात केली. सिंधू संस्कृती घेतली, औद्योगिक क्रांती घेतली, रेचल कार्सनबाईंचं १९६२ चं ‘सायलेंट स्प्रिंग’ घेतलं, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर विषयाला हात घातला. अहवाल परत आला. पहिल्या अडीच पानांवर एक तिरकी रेघ होती. जिथं विषय सुरू होत होता तिथं समासात एक छोटा बाण काढून लिहिलं होतं, ‘इथून सुरू कर.’ खाली दहापैकी ५. पास व्हायला ५.५ लागतात.

शिकवणाऱ्या बाईंकडं मी गेलो. आपल्याकडं अशा वेळी सर थोडं रागावतात, मग चहा मागवतात, मग ‘हुशार आहेस, लक्ष दे’ म्हणतात. बाई रागावल्या नाहीत, चहाही मागवला नाही. म्हणाल्या, ‘यात चांगलं असं काही नाही. पण मुद्दे पाच आहेत, ते सांगते.’ पाचही सांगितले. मग विचारलं, ‘तू लिहिलेल्या वाक्यांपैकी कुठलं तुला स्वतःला खरं वाटतं?’ मला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जर्नल लिहिणाऱ्याला हा प्रश्न विचारतच नाहीत. तो शिष्टाचार आहे.

पुढचे काही महिने मी भीतीपोटी अभ्यास केला. भीती नुसती नापासाची नव्हती. युरोपबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यानं वर्षाचे निम्मे तरी क्रेडिट मिळवले पाहिजेत, नाहीतर विद्यापीठ परस्पर इमिग्रेशन खात्याला कळवतं. वर्षाला क्रेडिट ६०, आणि एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचा अभ्यास. आठवड्याला १६ तासांपर्यंत नोकरीची मुभा, तीही मालकानं परवाना काढला तर. मी एका कॅफेत कपबश्या धूत होतो. डच लोक दिवसभर कॉफी पितात आणि प्रत्येक वेळी नवा कप घेतात, हा त्यांच्या पर्यावरणप्रेमातला माझ्या पाहण्यातला एकमेव दोष. आणि माझ्या पगाराचा तो आधार असल्यानं त्याबद्दल मी कुठं लिहिलं नाही.

फेरपरीक्षेसकट सगळे विषय निघत गेले. मार्क मात्र सात. कुठंही जा, सात. तिथं म्हणतात, दहा देवाला, नऊ मास्तरांना; विद्यार्थ्याला आठ मिळाले तर पोरं पार्टी मागतात. सात म्हणजे चांगलं, अगदी व्यवस्थित चांगलं. हे कोल्हापूरला कसं समजावायचं?

‘सात म्हणजे दहापैकी?’ बाबांनी विचारलं.

‘हो, पण बाबा, इथं सात म्हणजे...’

‘सत्तर टक्के,’ मागून आजी म्हणाली. ‘खालच्या सोसायटीतल्या पोराला ब्याण्णव पडल्यात. त्यो तर मिरजंला जातोय.’

त्यानंतर मी घरी मार्क सांगणं बंद केलं आणि तब्येत सांगायला लागलो.

आता सायकलीकडं वळतो, कारण माझ्या शैक्षणिक यशाचा पाया तिनं घातला. मी एका जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून जुनी डच सायकल घेतली : काळी, उंच, लोखंडी, हँडलला ब्रेकच्या दांड्या नाहीत. मी विचारलं, ब्रेक कुठाय? तो म्हणाला, मागं पॅडल मार. तिथल्या जुन्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यातच ब्रेक असतो. पॅडल उलटं मारलं की चाक जाग्यावर थांबतं. ही माहिती मी ऐकली. पायांनी ऐकली नाही. आपल्याकडं उतारावर निवांतपणे पॅडल उलटं फिरवत जायचं, साखळीचा कर्रकर्र आवाज ऐकत, ही सवय सातवी-आठवीपासूनची. पन्हाळ्याच्या वाटेवर मी ती पक्की केली होती.

नेदरलँड्समध्ये उतार नाहीत असं म्हणतात. वाखनिंगनला एक टेकाड आहे. त्यावरून खाली कुरणांकडं येताना सप्टेंबरची कोवळी उन्हं होती, मन प्रसन्न होतं, आणि मन प्रसन्न असलं की मी पॅडल उलटं फिरवतो. मागचं चाक थांबलं. सायकल आडवी सरकली. एका बाजूला डांबर, दुसऱ्या बाजूला हिरवंगार, कातरल्यासारखं सपाट लॉन. मी प्रसंगावधान राखून लॉनवर उडी घेतली.

लॉन उघडलं आणि मी कमरेपर्यंत आत गेलो.

ते लॉन नव्हतं. तो शेताच्या कडेचा पाण्याचा चर होता, आणि त्यावर डकवीड नावाची तरंगती वनस्पती एक इंच जागा न सोडता पसरली होती. एकेक पान टिकलीएवढं, त्याला खाली केसासारखं एकच मूळ. अशा लाखो टिकल्या शेजारीशेजारी बसल्या की पाणी दिसतच नाही. खाली काळा गाळ. त्यात माझा उजवा बूट आजही असावा. वास अंड्यांचा होता, आणि अंडी ताजी नव्हती. वरून एक डच आजीबाई कुत्र्याला फिरवत चालल्या होत्या. त्या थांबल्या, माझ्याकडं नीट पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, ‘ते पाणी आहे.’

माहिती अगदी बरोबर होती. मी आभार मानले.

हॉस्टेलवर पोचेपर्यंत अंगावरच्या टिकल्या वाळून घट्ट झाल्या होत्या. कॉरिडॉरच्या स्वयंपाकघरात घानाचा शेजारी मासे तळत होता. त्यानं विचारलं नाही, फक्त खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्या कानामागून आणखी काही टिकल्या निघाल्या. जलपरिसंस्था शिकवणाऱ्या बाई तिथं होत्या. त्यांनी चिमट्यानं एक उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि विचारलं, ‘कुठल्या चरातली?’ एखाद्याला आपल्या गावचा माणूस भेटावा असा त्यांचा चेहरा झाला होता. मी जागा सांगितली. त्या म्हणाल्या, ‘त्या चरात असणारच. शेतातलं खत येतं ना.’ पुढं त्याच माझ्या गाइड झाल्या, आणि माझ्या कानामागून निघालेली वस्तू माझा थीसिस झाली.

विषय तसा सरळ आहे. चराच्या पाण्यात दोन प्रकारच्या वनस्पतींची भांडणं चालतात. एक तळाशी रुजणारी, पाण्याखाली राहणारी, एलोडियासारखी. दुसरी वर तरंगणारी. वरचीनं पाणी झाकलं की खालचीला ऊन मिळत नाही, ती मरते. खालची धष्टपुष्ट असली तर ती पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस आधीच ओढून घेते, वरचीला उपास घडतो. म्हणजे ज्याचं राज्य आलं तो ते टिकवून धरतो. वाखनिंगनचेच मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यावर गाजलेला निबंध लिहिला : तरंगत्या वनस्पतींचं वर्चस्व ही स्वतःच एक स्थिर अवस्था असते. पाण्यात खत भरपूर असलं तर तुम्ही वरची साय कितीही काढा, ती परत येणार. खत कमी केलंत तर मात्र एकदा नीट काढली तरी पालटण्याची आशा असते. डकवीड खातंपितं असेल तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं.

हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. हे तर आपल्याकडच्या जलपर्णीचं चरित्र आहे! दक्षिण अमेरिकेतून आलेली ती जांभळ्या फुलांची बया दर वर्षी काढतात, दर वर्षी काठावर ढीग घालतात, त्याचे फोटो छापून येतात, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. काढणारे वनस्पती काढतात. तिला जेवू घालणारं सांडपाणी तसंच येत राहतं. मी गाइडबाईंना पंचगंगेतल्या जलपर्णीचे फोटो दाखवले. त्यांनी विचारलं, ‘तिथं पाण्यात ऑक्सिजन किती आहे?’ मी म्हणालो, तक्ता आहे माझ्याकडं. आणि मग म्हणालो, नाही, नाहीये.

उन्हाळ्याशिवाय हा प्रयोग होत नाही म्हणून थीसिस लवकर घेतला. विद्यापीठाच्या आवारात बादल्या मांडल्या. काहींत खत जास्त, काहींत कमी. सगळ्यांत तळाला एलोडिया, वर डकवीड. निम्म्यांतलं डकवीड काढायचं आणि ते परत येतं का बघायचं. पहिले काही दिवस अपूर्व यश आलं. जास्त खताच्या एका बादलीत डकवीड परत येईचना. शेफरसाहेबांच्या सिद्धान्ताला आपण तडा दिला या कल्पनेनं मला रात्री झोप लागेना. आलेखही काढून ठेवला. मग एका सकाळी लवकर गेलो तर त्या बादलीत एक बदक बसलेलं होतं. डकवीडला डकवीड का म्हणतात हे मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. ते वाचलं मात्र बदकानं असावं.

मी घाबरत गाइडबाईंना सांगितलं. बादली गुपचूप बदलून टाकावी असा एक विचार मनात येऊन गेला होता. शेवटी झेरॉक्सवाल्याच्या हाताखाली तयार झालेला माणूस मी. बाई म्हणाल्या, ‘लिही. तारीख, वेळ, पक्षी.’ त्यामुळं माझ्या थीसिसच्या परिशिष्टात एका मॅलर्ड मादीची नोंद आहे. नंतर मी जाळी बसवली. मादी रोज येऊन जाळीबाहेर उभी राही आणि माझ्याकडं अशी बघे की मला तिची रोजीरोटी बुडवल्याचं वाटे.

बादल्यांच्या जोडीला खऱ्या चरातही ऑक्सिजन मोजायचा होता. मी शहाणपणानं दुपारचे आकडे आणले. जेवण झाल्यावर निघायचो, ऊन खात मोजायचो. बाईंनी आकडे पाहिले. ‘आणि पहाटे?’ दिवसा पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन तयार करतात, रात्री सगळेच तो वापरतात. पाण्याची खरी अडचण उजाडायच्या आधी कळते. २० अंश तापमानाला पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. डकवीडच्या सायीखाली पहाटे माझं मीटर दोनच्याही खाली गेलेलं मी पाहिलं आहे. जूनमध्ये तिथं साडेपाचच्या आत उजाडतं. म्हणजे मला साडेचारला छातीपर्यंतची रबरी विजार चढवून चरात उभं राहणं आलं.

माझे चर होते तो गेल्डर्स फाले हा भाग म्हणजे गाई, डुकरं आणि कोंबड्यांचा मुलूख. नेदरलँड्समध्ये तेव्हा माणसं पावणेदोन कोटी आणि कोंबड्या साधारण १० कोटी. त्यांतल्या पुष्कळशा माझ्या चराच्या आसपास राहत असाव्यात. इतक्या शेणखतातून निघणारा अमोनिया हवेतून शेजारच्या फेलुवे अभयारण्यावर उतरतो आणि तिथली जांभळी हेदर मारून गवत माजवतो. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नायट्रोजनची जुनी परवाना पद्धत रद्द केली. १० जून २०२२ ला सरकारनं नकाशाच काढला : काही ठिकाणी नायट्रोजन ७० टक्के कमी करा, काही ठिकाणी ९५. शेतकरी भडकले. ट्रॅक्टर रस्त्यावर आले, २२ जूनला आमच्या गेल्डरलँड प्रांतातल्या स्ट्रू गावी हजारोंचा मेळावा झाला. हे सगळं मी वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही असतं. पण परीक्षेत लिहायचं एक आणि डोळ्यांसमोर दिसतं ते एक, या दोन्हींचा सांधा माझ्या डोक्यात बसलेला नव्हता.

तर त्याच आठवड्यात पहाटे मी चरात उभा होतो. उजाडलं तसा समोरच्या घरावरचा झेंडा दिसला. डच झेंडा वर लाल, मध्ये पांढरा, खाली निळा. इथं निळा वर होता. आता मी महाराष्ट्राच्या शाळेत शिकलेला. सव्वीस जानेवारीला ‘केशरी वर! केशरी वर!’ म्हणून ओरडणारे पी.टी.चे सर माझ्या रक्तात आहेत. तेवढ्यात शेतकरी बाहेर आला, साठीचा, लाकडी बूट घातलेला. मी चरातूनच हात केला आणि आदरानं सांगितलं, ‘काका, तुमचा झेंडा उलटा लागलाय.’

त्यांनी झेंड्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. रबरी विजार, कपाळावर दिवा, हातात लांब दांडीचं मीटर.

‘मुद्दाम लावलाय,’ ते म्हणाले. ‘तू माझ्या चरात काय करतोयस?’

‘नायट्रोजनचा अभ्यास.’

२०२२ च्या जूनमध्ये गेल्डरलँडच्या शेतकऱ्याला पहाटे पाच वाजता म्हणू नये असा जगात एकच शब्द होता, तो मी म्हटला. वर विद्यापीठाचं परवानगीपत्र काढून दाखवलं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि शांतपणे परत दिलं. ‘हे शेजाऱ्याच्या शेताचं आहे.’ अंधारात, मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून, मी कधीपासून भलत्याच चरात उतरत होतो.

मी बाहेर यायला लागलो तर पाय गाळातून निघेना. शेवटी त्यांनीच हात देऊन ओढला. ओढता ओढता बोलत होते, ‘मोज. खुशाल मोज. पण विमानांचाही मोज. कारखान्यांचा मोज. तू आलास ते विमान काय शेणावर उडत होतं?’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर्गात प्रत्येकानं आपापला कार्बनचा हिशेब मांडला होता. मांस खात नाही, सायकल वापरतो, म्हणून मी महिनाभर पुढं होतो, आणि मुंबई-आम्स्टरडॅमचा रकाना भरला तसा शेवटून दुसरा आलो. शेवटचा ब्राझीलचा होता.

काकांनी घरात नेलं. काकूंनी कॉफी दिली, डबा उघडला, एक बिस्कीट दिलं, डबा मिटला. काका चर, पाणी, खत यांवर तासभर बोलले. पाण्याची पातळी वॉटर बोर्ड ठरवतं. असे बोर्ड देशात २१ आहेत, त्यांतले काही तेराव्या शतकापासूनचे, त्यांच्या निवडणुका वेगळ्या आणि कर वेगळा. चरातली साय वर्षातून कधी काढायची, गाळ कधी उपसायचा, सगळं ठरलेलं. निघताना म्हणाले, ‘आता उतरलाच आहेस तर राहू दे तुझं मोजमाप. पण आकडे आधी मला दाखवायचे.’ त्यामुळं माझ्या थीसिसमध्ये चुकून घेतलेलं एक जादा ठिकाण आहे, आणि परीक्षकांनी ‘ठिकाणांची निवड विचारपूर्वक’ असा शेरा मारला आहे.

बाबांना मी फोनवर वॉटर बोर्डांबद्दल सांगितलं. थीसिसमध्ये त्यांना पहिल्यांदाच रस वाटला. ‘पाण्याची निवडणूक? आणि कर भरतात? राजीखुशीनं?’ पुढं दर रविवारी ते चराचं चौकशीसत्र घ्यायला लागले. रुंदी किती, ढाळ किती, फाटक कुठं. मी डकवीडबद्दल सांगायचो, ते म्हणायचे, ‘ते कळलं. पाणी कुठनं येतं ते सांग.’

ऑक्टोबरात सादरीकरण झालं. वर्गात थोडे लोक, बाकी ऑनलाइन. घरच्यांना मी लिंक पाठवली होती. तिकडं दुपार होती. मी नीट बोललो. अनादिकाळ नव्हता. पहिल्याच वाक्यात चर होता. जास्त खताच्या बादल्यांत काढलेलं डकवीड परत आलं, कमी खताच्या बादल्यांत एलोडियानं जागा धरून ठेवली, बदक परिशिष्टात. शेवटी पंचगंगेतल्या जलपर्णीचा फोटो. गाइडबाईंनी विचारलं, कुणाला प्रश्न?

स्पीकरमधून आधी आजीचा आवाज आला. ‘पोरगं वाळलंय की गं.’ मग बाबांचा. ‘मी विचारू का?’

‘बाबा, माइक चालू आहे,’ मी दातओठ खात मराठीत म्हणालो.

‘म्हणूनच विचारतोय. त्या चराला पाण्याचं आवर्तन किती दिवसांचं?’

बाईंनी मला भाषांतर करायला लावलं. मी केलं. त्यांनी पेन उचललं. ‘फार चांगला प्रश्न आहे. उत्तर?’

मी म्हणालो, बादल्यांमध्ये पाणी स्थिर ठेवलं होतं, त्यामुळं तो मुद्दा प्रयोगाच्या कक्षेत येत नाही.

बाबांना इंग्रजी समजतं. ‘मग साचल्या बादलीवरनं वाहत्या चराचं कसं सांगायलायस? पाणी चार दिवसांत बदललं तर ते खत राहील का तिथं?’

मी हेही भाषांतरित केलं. दुसरा इलाज नव्हता. खोलीत दोन-तीन डच माना हलल्या, माझ्या बाजूनं नाही. बाईंनी मला सांगितलं की अहवाल सोपवण्याआधी चर्चेच्या प्रकरणात पाणी किती दिवस मुक्काम करतं यावर एक भाग हवा. मी तो लिहिला. वॉटर बोर्डाकडून पातळीचे आकडे आणले, काकांकडून फाटकांच्या वेळा घेतल्या, आणि रात्री बाबांना फोन करून गणित तपासून घेतलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

थीसिसला आठ मिळाले. खालीच शेरा होता की शेवटी जोडलेल्या भागामुळं काम एका पायरीनं वर गेलं. कितीतरी दिवसांनी मी घरी मार्क सांगायला फोन केला, तो स्पीकरवर टाकला गेला, आणि मी शेरासुद्धा वाचून दाखवला. तो वाचायला नको होता.

‘म्हणजे आठातला एक माझा,’ बाबा म्हणाले.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. आजी हिशेब करत असावी.

‘मग ह्येचं सातच की,’ ती म्हणाली. ‘परत सत्तर.’